पर्समधला आणि गळ्यातला

श्रावणातला शनिवार होता. चार दिवसांची झड संपून त्या दिवशी पहिल्यांदा ऊन पडलं होतं आणि शाळेच्या पत्र्यांवरून वाफ निघत होती. सकाळची शाळा सुटली, पोरं घरोघर पांगली. मी हजेरीपट मिटत होते तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली. चौथीपर्यंत माझ्याच वर्गात होती, आता तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. चिखलानं जड झालेल्या चपला तिनं पायरीवर काढल्या आणि ओढणीच्या आडून वहीचं चौघडी केलेलं पान बाहेर काढलं. पानावर दोन रकाने पाडले होते. एकीकडे खिशात मावणारा लहान कॅमेरा, दुसरीकडे सुरुवातीच्या वर्गातला डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला मोठा कॅमेरा. दोन्ही कोणीतरी वापरलेले, दोन्ही तिच्या चौदा हजारांत बसणारे. ते चौदा हजार दोन हंगामांच्या वेचणीचे. तिनं तसं सांगितलं नाही, पण रविवारी आणि दिवाळीच्या सुट्ट्यांत कमरेला ओटी बांधून कापूस वेचणाऱ्या बायांच्या रांगेत मी तिला पाहिलं होतं.

"मॅडम, लहान घेऊ का मोठा?"

"मोठा," मी लगेच म्हणाले. तिला गावातल्या बारशांचे, साखरपुड्यांचे, हळदीचे फोटो काढायचे होते. तालुक्याहून येणारे फोटोग्राफर सगळे पुरुष. हळद लागताना बायका त्यांच्यापुढं अंग चोरून बसतात, हे तिनं बरोबर हेरलं होतं. मग मी तिला सेन्सरबद्दल, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या चकतीबद्दल सांगितलं, लेन्स बदलता येते ते सांगितलं, कमी उजेडात मोठा कसा तग धरतो ते सांगितलं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. पानावर एक-दोन शब्द लिहिले. मग पेनचं टोपण लावत म्हणाली, "पण मॅडम, थो मोठा गळ्यात घालून मले एकटीले गावातून निंगता येईन का?"

"होईल सवय," मी म्हणाले. कोणाला होईल, तिला का गावाला, याचा विचार मी केला नव्हता. तिनं मान हलवली, पानाची पुन्हा चौघडी केली आणि गेली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. खरं तर तिच्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं. पंधरा वर्षं मी तेच उत्तर गोळा करत आले होते आणि ऐन वेळी तिच्या हातावर ठेवली ती आकड्यांची यादी.

माझा पहिला कॅमेरा लहानच होता. या गावात बदली होऊन आले त्या वर्षी, २००९ साली घेतलेला. दहा मेगापिक्सेल, तीनपट झूम आणि दोन पेन्सिल सेल. दुकानदाराला मेगापिक्सेलचं भारी कौतुक होतं आणि मलाही दहा हा आकडा मोठा वाटला. ते दहा दशलक्ष ठिपके ज्या चकतीवर दाटीवाटीनं बसवलेले असतात, ती चकती जेमतेम ६ मिलिमीटर लांब आणि साडेचार मिलिमीटर रुंद असते, हे फार पुढं कळलं. म्हणजे तुरीचा दाणा. दिवसा, उघड्यावर तो तुरीचा दाणा भरपूर कामाला येई. संध्याकाळी चुलीपुढं भाकर थापणारी बाई टिपायला जावं तर फोटोभर रवा सांडल्यासारखे ठिपके उमटत आणि काळोखातली नऊवारी लालसर-जांभळी होऊन जाई. मे महिन्यात दुपारी मागचा पडदा साफ आंधळा व्हायचा. आमच्याकडचं ऊन पंचेचाळीसच्या खाली उतरायला तयार नसतं, त्यात त्या काचेवर आपलाच चेहरा दिसतो. मी पदर डोक्यावरून पुढं ओढून कॅमेऱ्यावर धरायची आणि त्या सुती अंधारात चौकट जुळवायची. पदराला घामाचा, खोबरेल तेलाचा वास. त्या वासासकट मला ते फोटो आठवतात.

पण तो पर्समध्ये असायचा. रुमाल, एसटीचा पास, डोकेदुखीची गोळी आणि तो. कोणाला काही वाटत नसे. नोव्हेंबरात शाळा सुटल्यावर मी वावरांच्या धुऱ्याधुऱ्यानं जायची. दव वाळल्यावर वेचणी जोरात सुरू असायची. बायांच्या अंगात लुगड्यावरून नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट, डोक्याला फडकं, पऱ्हाटीनं ओरबाडलेली बोटं. मी बोलता बोलता कॅमेरा काढायची, पुन्हा आत ठेवायची, आणि त्यांचं बोलणं कुठं तुटत नसे. कोणाची सून माहेरी निघून गेली, कोणाच्या घरी सोसायटीचं कर्ज थकलं, सगळं माझ्यासमोर चाले. त्या वेळचे फोटो आज मोठे करून पाहिले तर कडा फुटतात. पण त्यात बायका हसताहेत आणि हसताना तोंडावर हात गेलेला नाही.

पोळ्याला मात्र त्या कॅमेऱ्यानं मला उभं राहू दिलं नाही. गावच्या आखरावर तोरणाखाली बैलांच्या जोड्या ओळीनं लागतात. शिंगांना रंग आणि बेगड, पाठीवर झुली, घुंगरमाळांचा आवाज, ओल्या शेणाचा आणि तेलपाण्यानं चकाकलेल्या कातडीचा वास. झडत्या, म्हणजे पोळ्याची सवाल-जबाबाची गाणी, सुरू होतात, एकाच्या झडतीला दुसरा जबाब देतो, 'हर बोला हर हर महादेव' अशी आरोळी उठते. तिथं बाया नसतात. असल्या तर देवळाच्या ओट्यावर, लांब. पहिल्या वर्षी मी लहान कॅमेरा घेऊन तोरणापर्यंत गेले. दोन जणांनी अदबीनं, पण दोनदा सांगितलं, "मॅडम, तिकडं बायाइत बसा." मी ओट्यावर जाऊन बसले. पोळा फुटला तेव्हा मी बटण दाबलं, कॅमेरा आधी फोकस शोधत राहिला आणि अर्ध्या सेकंदानं त्यानं फोटो घेतला. तोवर जोड्या निघून गेल्या होत्या. चौकटीत धूळ आणि एका बैलाचं शेपूट होतं.

डीएसएलआर आला २०१४ ला, वेतनाच्या फरकाची रक्कम हातात पडल्यावर. सोबत १८-५५ मिलिमीटरची लेन्स. पहिल्या दिवशी मी तो नुसता हातात धरून घरात फिरले. वजन मनगटात उतरत होतं. बटण दाबलं की आतला आरसा वर उडतो आणि 'खट्' असा दणदणीत आवाज येतो. तो आवाज मला अजून आवडतो. काम झाल्याची पोच मिळाल्यासारखं वाटतं. डोळा काचेला लावला की ऊन, गाव, आजूबाजूची गर्दी सगळं बाहेर राहतं. पडदा आंधळा होण्याची भानगड नाही, कारण आपण आरशातून थेट समोरचंच पाहत असतो. पडदा पेटता ठेवावा लागत नाही म्हणून बॅटरीही टिकते. एका चार्जिंगवर पाचशेच्या वर फोटो निघतात. ज्या गावात भारनियमनाच्या वेळा पाठ असाव्या लागतात तिथं ही मोठी गोष्ट आहे. आणि त्याच्या पोटातला सेन्सर साडेतेवीस मिलिमीटर बाय साडेपंधरा, लहानशा पोस्टाच्या तिकिटाएवढा. क्षेत्रफळ मांडून पाहिलं तर तुरीच्या दाण्याच्या तेरापट. एकराच्या तुकड्यावर आणि तेरा एकराच्या वावरावर एकाच वेळी पाऊस पडला तर पाणी कुठं जास्त साठेल, तसंच उजेडाचं आहे.

त्या वर्षी पोळ्याला मी तो गळ्यात घालून आखरावर गेले. हा दिवस मी विसरणार नाही. पहिल्या वर्षी ज्यांनी मला ओट्यावर बसवलं होतं त्यांच्यापैकीच एकानं लोकांना हातानं मागं सारलं. "मॅडमले जागा द्या बे, फोटू काढून राह्यल्या." मी तोरणाच्या ऐन खाली उभी राहिले. डाव्या खांद्याला बैलाचा श्वास लागत होता. तेव्हाही मी बाईच होते, तीच साडी, तीच मॅडम. पण गळ्यातल्या अडीच-तीन पावशेर काळ्या वजनानं मला तिथं काम असल्याचं जाहीर केलं होतं. बिनकामाची बाई आणि कामावरची बाई यांत गाव किती फरक करतं, हे त्या दिवशी माझ्या अंगावर उमटलं. मला आनंद झाला, आणि त्या आनंदाखाली काहीतरी टोचत राहिलं. जागा मला मिळाली होती का कॅमेऱ्याला? पुढच्या वर्षी तो न घेता गेले असते तर कोणी सरकलं असतं का?

होमाई व्यारावालांचं एक छायाचित्र मी वर्गाच्या कपाटात आतून चिकटवलं आहे. साडी नेसलेल्या, हातात थोरला स्पीड ग्राफिक कॅमेरा. १९१३ चा जन्म. चाळीसच्या दशकात दिल्लीत वृत्तछायाचित्रकार म्हणून काम करायला निघाल्या तेव्हा या देशात त्या कामातली दुसरी बाई दिसत नव्हती. त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापले गेले. २०११ साली पद्मविभूषण मिळालं आणि पुढच्याच वर्षी त्या गेल्या. त्या छायाचित्रात मी नेहमी त्यांचे हात पाहते. एवढा जड पेटारा, पण हातांवर ताण नाही. कपाट उघडलं की पोरी विचारतात, "मॅडम, ही कोण?" मी सांगते. पण त्या पेटाऱ्यासकट होमाईबाई रस्त्यावर निघत तेव्हा लोक काय म्हणत, हे मला कोणी विचारलं नव्हतं. ते विचारणारी त्या शनिवारी आली होती.

मोठा कॅमेरा घेऊन मी वेचणीलाही गेले. एकदाच. धुऱ्यावर दिसले तशा बोलत्या बाया गप्प झाल्या. पदर पुढं आले. एकीनं अंगातला नवऱ्याचा शर्ट घाईघाईनं काढून ओटीखाली कोंबला. "थांब माय, असं कसं काढतं?" मी कॅमेरा पिशवीत टाकला, पण तुटलेलं बोलणं त्या दिवशी पुन्हा जुळलं नाही. सून माहेरी गेलेली बाई तर मान वर न करता वेचत राहिली. मी घरी आले आणि बरेच दिवस मनाशी ठरवून टाकलं की माणसांजवळ जायचं तर लहानच बरा, मोठा फक्त पोळ्याला, पोरांच्या लाकडी बैलांच्या तान्ह्या पोळ्याला, शाळेच्या स्नेहसंमेलनाला.

ते ठरवणंही टिकलं नाही, ते शेजारच्या आजीमुळं. मी ज्यांच्या घरी भाड्यानं राहते त्यांची आई. लहान कॅमेऱ्यानं मी तिचे शंभरेक फोटो काढले असतील. सुपात तूर पाखडताना, नातवाच्या टाळूवर तेल जिरवताना, उन्हात पाय पसरून बसलेली. तिच्या टाचांच्या भेगांचा एक फोटो मला माझ्या सगळ्या फोटोंत जवळचा वाटतो. आजीनं त्यातला एकही कधी मागून पाहिला नाही. मोठा कॅमेरा आला त्या आठवड्यात मात्र ती माझ्या दारात आली. "आता माह्या फोटू काढ."

"आजी, इतके काढले की तुझे."

"थे काय फोटू हायत? म्या कामात व्हती."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती न्हाली. पेटीतून लग्नातलं लुगडं काढलं, त्याला डांबरगोळ्यांचा वास येत होता. नातसुनेकडून केस विंचरून घेतले. अंगणात लाकडी खुर्ची मांडायला लावली आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसली. हसली नाही. मी म्हटलं, जराशी हस. नाही म्हणाली. तिनं थेट लेन्सच्या काचेत पाहिलं, जणू त्या काचेआडून पुढं कधीतरी आपल्याला पाहणाऱ्या माणसांना ती आधीच ओळखत होती. 'खट्' असा आवाज झाला तशी विचारलं, "झाला?" झाला, म्हटलं. "आनखीन एक घे."

मी तिला न सांगता टिपत आले होते आणि त्याला साधेपणा म्हणत होते. तिच्या लेखी फोटो म्हणजे आपण तयार होऊन, ठरवून, समोरच्याला आपला चेहरा देणं. लहान कॅमेऱ्यानं मी घेत होते, ती देत नव्हती. हे समजल्यावर मला वाईट वाटलं. आणि तरी ते टाचांचे फोटो मी पुसू शकले नाही. तीन वर्षांनी आजी गेली. भिंतीवर लग्नातल्या लुगड्यातला फोटो आहे, बारा बाय अठरा इंचांचा, कडांपर्यंत स्वच्छ, पापण्यांचे केस मोजता येतील असा. लहान कॅमेऱ्यातले माझ्या डबीतल्या कार्डात आहेत. घरच्यांना ते मी अजून दाखवलेले नाहीत. दाखवावेत की नाही, मला ठरवता येत नाही.

लेन्सचं मात्र त्या पोरीला बजावून सांगायला हवं होतं. मी पोळलेली आहे. डीएसएलआर आला की लेन्सची हाव सुटते. मी अमरावतीहून एक जुनी ५० मिलिमीटरची आणली, एफ १.८ ची, म्हणजे भरपूर उजेड आत घेणारी, स्वस्तात. बसनं चार तास, मांडीवर डबा धरून. घरी येऊन लावली तर आपोआप फोकस होईना. माझ्या कॅमेऱ्यात फोकसची मोटर नव्हती आणि त्या जुन्या लेन्समध्येही नव्हती. सुरुवातीच्या वर्गातल्या काही कॅमेऱ्यांत कंपन्या वजन आणि किंमत कमी ठेवायला ती मोटर गाळतात. मग लेन्समध्येच मोटर असलेली घ्यावी लागते. मी वर्षभर हातानं कडं फिरवून फोकस करत राहिले, आणि आज सांगते, त्यानं माझा डोळा घडला. पण तिच्याकडं वर्ष नाही. हळदीत नवरीच्या आईचे डोळे भरून येतात ते एकदाच. आणि पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते, म्हणून डब्यात सिलिका जेलच्या पुड्या हव्यात, हेही सांगायचं राहून गेलं होतं. खिशात मावणारा आणि तरी मोठ्या सेन्सरचा असाही एक वर्ग आहे. सोनीनं २०१२ ला काढलेल्या आरएक्स१०० मध्ये १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा सेन्सर बसवला होता. पण किमतीनं तो कायम वरच्या पायरीवर राहिला. तिच्या पानावर त्याला रकाना नव्हता.

आणि फोन? हे मी तिला शनिवारीच विचारलं होतं. आजकालचे फोन माझ्या जुन्या लहान कॅमेऱ्याला केव्हाच मागं टाकतात. तिनं सरळ उत्तर दिलं, "फोन भाऊचा हाय, मॅडम."

सोमवारी मी तिला बोलावून घेतलं. माझे दोन्ही कॅमेरे तिच्यापुढं टेबलावर ठेवले. पोळा आठवड्यावर आला होता. तान्हा पोळा होईस्तोवर दोन्ही ठेव, म्हटलं, मग ये. शनिवारच्या उत्तराबद्दल मी काही बोलले नाही. तिनं दोन्ही उचलले. लहान कॅमेरा सहज ओढणीत गुंडाळला. मोठ्याची पिशवी तिनं आधी खांद्याला लावली, मग काढली, आणि दप्तरात पुस्तकांच्या मधे बसवली. चेन लागेना, तेव्हा एक पुस्तक बाहेर काढून हातात घेतलं.

तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ती आली. आम्ही वर्गातल्या संगणकावर कार्डं लावली. लहान कॅमेऱ्यात दोनशे बारा फोटो होते. पुरणाचं पातेलं. बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळणारे बापाचे हात. हातातल्या फोनसकट झोपलेला भाऊ. मैत्रिणी, मैत्रिणींच्या बांगड्या, पुन्हा मैत्रिणी. लाकडी बैल ओढत निघालेलं एक शेंबडं पोर, अर्धं चौकटीबाहेर. काही फोटो इतके जिवंत होते की मी पुढं जायला विसरले. मोठ्या कॅमेऱ्यात फक्त नऊ.

"पोळ्यावर नाई नेला," माझ्याआधी तीच बोलली. "वावरात नेला. पहाटेच्या पारी, कोनी उठाच्या आधी."

नऊही फोटो तिच्या आईचे. आई निंदायला गेली होती. पहिल्या दोन फोटोंत तिच्या अंगात तो फुलबाह्यांचा शर्ट होता. तिसऱ्यापासून शर्ट मागं धुऱ्यावरच्या बोरीला टांगलेला दिसत होता. पदर सारखा केलेला, कपाळावरचा घाम पुसलेला, मागं कमरेएवढी कपाशी, पिवळी फुलं, सकाळचं तिरपं ऊन. हसू नाही. ती थेट काचेत पाहत होती. आजीची बसण्याची ढब मला आठवली आणि मी काही बोलले नाही. नववा फोटो तिरपा होता, वरच्या कडेला डोकं कापलं गेलेलं, फोकस पार मागच्या पऱ्हाटीवर. त्यात ओढणी होती, चिखलानं भरलेले पाय होते आणि एका हातात खुरपं. ती स्वतः.

"हा कोणी काढला?"

"मायनं. म्हने, आन इकडं, मी पायतो."

बराच वेळ आम्ही तो फोटो पडद्यावर ठेवला. बाहेर पोरं लंगडी खेळत होती. मग तिनं दप्तरातून मोठा कॅमेरा काढला, त्याचा पट्टा हातात धरून बकल उलटंपालटं करून पाहिलं.

"मॅडम, हा पट्टा यापेक्षा लांब होते का? आडवा घातला तं ओढनीखाली बसन."

मी बकल सोडलं आणि पट्टा होता तेवढा सगळा मोकळा करून दिला.